हकचे बंड आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी

मार्क ट्वेन यांची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ हकलबेरी फिन’ ही कादंबरी अमेरिकेत फेब्रुवारी १८८५मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती बाहेर काढली. भाषा गावंढळ, नायक खोटारडा आणि उनाड, त्यामुळे हे पुस्तक सभ्य माणसांच्या लायकीचे नाही, असे तिथल्या समितीचे म्हणणे होते. १९५७ साली न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांच्या मान्य पुस्तकांतून ही कादंबरी वगळली, तेव्हा वादाचा विषय पार बदललेला होता. आता आक्षेप होता तो कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर आणि त्यांच्यासाठी पानोपानी येणाऱ्या एका अपमानकारक शब्दावर. १९८२मध्ये व्हर्जिनियात ट्वेन यांच्याच नावाने चालणाऱ्या एका शाळेतील कृष्णवर्णीय प्रशासकाने या पुस्तकाला वर्णद्वेष्ट्या केरकचऱ्याचा सर्वांत विद्रूप नमुना म्हटले. शेवटी २०११मध्ये अलाबामातील एका प्रकाशन संस्थेने तो शब्द काढून त्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातलेली आवृत्ती बाजारात आणली. शाळेत ही कादंबरी शिकवावी का, आणि शिकवायची तर कोणत्या रूपात, हा प्रश्न अमेरिकेत अजूनही मिटलेला नाही.

माझे मत असे आहे की ती शिकवली पाहिजे, वरच्या वर्गांत शिकवली पाहिजे, आणि ट्वेन यांनी लिहिली तशी संपूर्ण शिकवली पाहिजे. मात्र तिच्या बाजूने नेहमी जो युक्तिवाद केला जातो, तो मला पुरेसा वाटत नाही. एक बंडखोर पोरगा नदीवर जातो, एका पळालेल्या गुलामाशी त्याची मैत्री होते, त्याला गुलामगिरीतला अन्याय कळतो आणि तो जाणता होतो, अशी या कथेची मांडणी पाठ्यपुस्तकांतून आणि मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून केली जाते. कादंबरीत तसे घडत नाही. गुलामगिरी वाईट आहे हे हकला शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. तिचे खरे मोल इथेच आहे असे मला वाटते, आणि दोन्ही बाजूंच्या भांडणात नेमकी हीच गोष्ट हरवते.

हकचे जे बंड सगळ्यांना दिसते, ते मुळात सोपे आहे. त्याला सांभाळणाऱ्या विधवा डग्लसबाईंनी दिलेले कडक कपडे टोचतात, शाळा नकोशी वाटते, चिलीम ओढावीशी वाटते, त्यांची बहीण मिस वॉटसनने वर्णन केलेल्या स्वर्गात जाण्याची त्याला हौस नाही. समाज अशा बंडाला फारसा घाबरत नाही. त्याचा मित्र टॉम सॉयर याचे बंड तर त्याहून निरुपद्रवी. ते साहसकथांतून उचललेले आहे आणि जेवणाच्या वेळी घरी परतणारे आहे. हकचा दारुडा बाप त्याला पळवून नेतो, रानातल्या खोपटात कोंडून चाबकाने झोडपतो, तेव्हा तो डुकराचे रक्त सांडून स्वतःचा खून झाल्याचा देखावा करतो आणि पसार होतो. इथपर्यंत ही जीव वाचवण्याची धडपड आहे. नदीतल्या जॅक्सन बेटावर त्याला मिस वॉटसनचा गुलाम जिम भेटतो, तेव्हा कथेला वेगळे वळण लागते. मिस वॉटसन ही देवभीरू बाई ८०० डॉलरच्या लोभाने आपल्याला न्यू ऑर्लीन्सच्या बाजूला विकणार, हे कानावर पडल्यामुळे जिम पळालेला आहे. कोणाला सांगणार नाही, असा शब्द हक त्याला देतो. लोक आपल्याला नीच म्हणतील हे त्याला त्याच क्षणी ठाऊक असते.

हे समजून घ्यायला त्या वेळचे मिसुरी डोळ्यांपुढे आणावे लागते. गुलामीवरून उत्तर आणि दक्षिणेत झालेल्या १८२०च्या समझोत्यानंतर मिसुरी गुलामी मान्य असलेले राज्य म्हणून संघराज्यात आले. नदीपलीकडच्या इलिनॉयमध्ये गुलामीला बंदी होती, पण पळालेल्या गुलामाला तिथूनही धरून आणण्याची मुभा संघराज्याच्या कायद्याने दिलेली होती. ट्वेन यांचे बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात गेले, आणि आपल्या शाळकरी दिवसांत गुलामगिरीत काही गैर आहे हे आपल्याला माहीतच नव्हते, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. स्थानिक वर्तमानपत्रे विरोधात बोलत नसत, आणि ही व्यवस्था ईश्वराला मान्य आहे असे चर्चच्या व्यासपीठावरून सांगितले जाई. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले, ते धर्माच्या आधाराने माणसाचे मन कसे बांधले जाते याची त्यांना पुरती जाण होती म्हणूनच. हकची सदसद्विवेकबुद्धी अशीच बाहेरून घडवलेली आहे. ती गावाच्या आवाजात बोलते, आणि तो आवाज आपला स्वतःचाच आहे असे त्या पोराला वाटते.

सोळाव्या प्रकरणात हे फार जवळून दिसते. हक आणि जिम यांचा तराफा मिसिसिपीवरून केरो गावाच्या दिशेने चालला आहे. तिथून ओहायो नदीने वर गेले की जिम सुटला. आनंदाने तो मोठ्याने बेत करू लागतो: पैसे साठवीन, बायकोला मालकाकडून विकत घेईन, मग दोघे मिळून राबू आणि दोन्ही मुलांना सोडवू, मालकाने विकायला नकार दिला तर कोणाकरवी तरी मुले चोरून आणू. हे ऐकून हक हादरतो. बाप आपल्या लेकरांना ‘चोरण्याची’ भाषा करतो आहे, आणि ज्याची ती ‘मालमत्ता’ आहे त्या माणसाने तर माझे कधी काही वाकडे केलेले नाही, असा त्याचा विचार चालतो. तेरा-चौदा वर्षांच्या, मनाने चांगल्या मुलाला एका बापाची माया चोरी वाटावी, इतके त्या समाजाने त्याला बिघडवून ठेवले आहे. तो जिमला पकडून द्यायच्या इराद्याने होडी काढतो. मागून जिम ओरडून सांगतो की दिलेला शब्द पाळणारा तूच एकटा गोरा माणूस. तेवढ्यात बंदुका घेतलेले दोघे होडीतून येतात आणि तुझ्या तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असे विचारतात. हकच्या तोंडून ‘गोरा’ असे निघते. मग तराफ्यावर आपला बाप आजारी आहे असे सांगून, त्याला देवी आल्या असाव्यात असा त्यांचा समज तो होऊ देतो. ते घाबरून मागे सरतात आणि वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी फळीवर ठेवून त्याच्याकडे सोडतात. जिम वाचतो, पण हकला त्याचा आनंद होत नाही. आपण वाईट केले, आपल्याला लहानपणी वळणच लागले नाही, असे म्हणून तो स्वतःला दोष देत बसतो.

एकतिसाव्या प्रकरणात हा झगडा टोकाला जातो. वाटेत तराफ्यावर आलेल्या दोन भामट्यांनी जिमला चाळीस डॉलरसाठी परस्पर विकले आहे. हक मिस वॉटसनला पत्र लिहितो की तुमचा जिम अमुक ठिकाणी आहे, बक्षीस पाठवले तर मिळेल. लिहून होताच आपले सारे पाप धुऊन निघाल्यासारखे त्याला वाटते. आता प्रार्थनाही करता येईल अशी त्याची खात्री होते. पण त्याला नदीवरचे दिवस आठवू लागतात: आपली झोप मोडू नये म्हणून स्वतःच्या पाळीवर आपली पाळीही जागून काढणारा जिम, धुक्यातून आपण परत आल्यावर हरखलेला जिम. मग तो कागद हातात धरून थरथरतो, आणि नरकात जावे लागले तरी चालेल असे ठरवून पत्र फाडून टाकतो. त्याच्या लेखी तो नरक खरा आहे, म्हणून या निर्णयाला वजन आहे. आपले चुकते आहे अशी पक्की समजूत असताना तो बरोबर वागतो. पुढे १८९५मध्ये ट्वेन यांनी आपल्या टिपणवहीत लिहिले की या पुस्तकात निरोगी हृदय आणि विकृत सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि सदसद्विवेकबुद्धी हरते.

हे टिपण लिहिल्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १८९६मध्ये, व्याख्यानांच्या जगप्रवासात ट्वेन मुंबईत उतरले. त्या प्रवासाचे वर्णन १८९७च्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये आहे. हॉटेलातील खोलीच्या एका दाराचे काहीतरी काम करण्यासाठी एक भारतीय नोकर गुडघे टेकून बसला होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन माणसाला त्याचे काम पसंत पडले नाही, आणि काय चुकले हे सांगण्याआधीच त्याने त्या नोकराच्या जबड्यावर ठोसा लगावला. नोकराने तो निमूट सोसला. असे दृश्य आपण पन्नास वर्षांत पाहिले नव्हते, असे ट्वेन लिहितात. त्या ठोशासरशी त्यांना आपले बालपण आठवले. स्वभावाने मवाळ असलेले आपले वडील लुइस नावाच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकांसाठी मारत, हे आठवले. कामात थोडा धांदरटपणा झाला म्हणून एका माणसाने रागाच्या भरात आपल्या गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकला आणि तासाभरात तो मेला, हेही आठवले. गावात कोणालाही तो खून पसंत नव्हता, पण त्याविषयी कोणी फारसे बोललेही नाही. साठीला आलेला लेखक मुंबईच्या हॉटेलात उभा राहून हे आठवतो, तेव्हा हक फिनची गोष्ट कोणत्या मातीतून उगवली ते दिसते. ‘कोणी फारसे बोलले नाही’ अशाच गावात हकच्या मनाची घडण झालेली आहे.

आता पत्र फाडल्यानंतरचे पुढचेच प्रकरण पाहावे. हक जिमला कोंडून ठेवलेल्या फेल्प्सच्या मळ्यावर पोहोचतो, तिथे त्याला टॉम सॉयर समजले जाते, आणि आपल्याला उशीर का झाला याची थाप मारतो की आगबोटीत स्फोट झाला. कोणाला इजा झाली का, असे घरधनीण, टॉमच्या सॅली मावशी विचारतात. नाही, एक काळा मेला, असे तो सहज सांगून जातो; मावशींना हायसे वाटते, कारण कधी कधी माणसांना इजा होते. ज्या पोराने आदल्याच प्रकरणात एका काळ्या माणसासाठी नरक पत्करला, त्याच्या तोंडी हे वाक्य आहे. तो थाप मारतो आहे, समोरच्या बाईला पटेल असे बोलतो आहे, हे मान्य केले तरी वाचकाच्या अंगावर काटा येतो. जिम त्याच्यासाठी माणूस झाला, पण जिमच्या जातीचे इतर लोक झाले नाहीत. एका माणसावरचे प्रेम आणि एका व्यवस्थेविषयीची समज यांतले हे अंतर ट्वेन यांनी बुजवलेले नाही, आणि सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने या अंतरापाशीच थांबून विचार करावा असे मला वाटते. वर्णद्वेषी माणूस म्हणजे कोणीतरी राक्षस, अशी समजूत घेऊन तो वर्गात येतो; इथे त्याला प्रेमळ मावशी भेटते, पाहुणचार करणारी माणसे भेटतात, आणि तीच माणसे जिमला साखळदंडात ठेवतात.

या कादंबरीतला जाणता पुरुष हक नाही, जिम आहे, हेही वर्गात बोलले गेले पाहिजे. तेविसाव्या प्रकरणात जिम आपल्या चार वर्षांच्या एलिझाबेथची हकिगत सांगतो. तापातून उठलेल्या लेकीला त्याने दार लावायला सांगितले, ती नुसती हसत उभी राहिली, म्हणून त्याने तिला थप्पड मारली. मग वाऱ्याने दार धाडकन आपटले, तरी ती जागची हलली नाही, आणि तिला ऐकूच येत नाही हे त्याच्या लक्षात आले. स्वतःला कधी क्षमा करू शकणार नाही असे म्हणत तो रडतो. मुलावर हात उगारल्याचा पश्चात्ताप करणारा बाप हकने आयुष्यात पाहिलेला नाही. त्याआधी पंधराव्या प्रकरणात, धुक्यातल्या ताटातुटीची क्रूर थट्टा केल्याबद्दल जिम त्याला स्पष्ट शब्दांत सुनावतो आणि हक, मनाशी पाव तास झगडून का होईना, त्याची माफी मागतो. हक जे काही शिकतो ते जिमच्या सहवासात शिकतो.

आक्षेप घेणाऱ्या कृष्णवर्णीय पालकांचे म्हणणे मला हलके वाटत नाही. तो शब्द या पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येतो. गोऱ्या मुलांनी भरलेल्या वर्गात एखादेच कृष्णवर्णीय मूल बसलेले असते, शिक्षक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावतात, आणि साऱ्या माना त्याच्याकडे वळतात. हा अनुभव अनेकांनी सांगितलेला आहे आणि त्याला ‘अभिजात साहित्य’ हे उत्तर होऊ शकत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकी कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी १९९६च्या एका आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या बालपणीच्या वाचनातली अस्वस्थता लपवलेली नाही. तरीही पुस्तक शाळेतून काढण्याच्या मोहिमा मुलांच्या शिक्षणापेक्षा मोठ्यांच्या समाधानासाठी असतात, असा निर्वाळा त्यांनीच दिला आहे. मी तो शब्द या लेखात लिहिलेला नाही, कारण माझ्या तोंडी तो येण्याचे काही कारण नाही. पात्राच्या तोंडी तो असणे ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणूनच २०११च्या आवृत्तीतला बदल मला चुकीचा वाटतो, जरी तो करणाऱ्या प्राध्यापकांचा हेतू पुस्तक वर्गात टिकावे हाच होता. ‘गुलाम’ हा शब्द कायदेशीर स्थिती सांगतो. मूळ शब्द तुच्छता सांगतो, आणि गुलामी गेली तरी तुच्छता शिल्लक राहते हे कादंबरीतच दाखवलेले आहे. सहाव्या प्रकरणात हकचा बाप सरकारवर तोंडसुख घेतो, कारण त्याने ओहायोतला एक स्वतंत्र, सुशिक्षित, अनेक भाषा जाणणारा कृष्णवर्णीय प्राध्यापक पाहिला आहे आणि त्या माणसाला त्याच्या राज्यात मतदानाचा हक्क आहे हे त्याला सोसत नाही. तो प्राध्यापक गुलाम नाही. स्वतंत्र, विद्वान माणसाला चिखलात लोळणारा दारुडा त्या शब्दाने हाक मारतो यातच साऱ्या प्रसंगाचा अर्थ आहे, आणि शब्द बदलला की तो अर्थ पुसला जातो. या कादंबरीचे लेखन १८७६मध्ये सुरू झाले आणि १८८३मध्ये संपले. गुलामी १८६५च्या घटनादुरुस्तीने संपली होती, पण १८७७मध्ये मुक्त झालेल्यांच्या रक्षणासाठी दक्षिणेत ठेवलेले केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि १८८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५चा नागरी हक्क कायदा मोडीत काढला. ट्वेन जुन्या गुलामीविषयी लिहीत होते तेव्हा त्यांच्याभोवती नाव बदललेली तीच तुच्छता पुन्हा राज्यावर बसत होती.

शेवटची दहा-अकरा प्रकरणे मात्र अडचणीची आहेत, आणि ती नाकारून चालणार नाही. टॉम सॉयर येतो, आणि शेडमध्ये कोंडलेल्या जिमची सरळ सुटका करण्याऐवजी कथापुस्तकांतल्या कैद्यांची सारी नाटके त्याच्याकडून करवून घेतो. मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात तिने जिमला मुक्त केले, हे टॉमला सुरुवातीपासून माहीत असते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी सारे आधुनिक अमेरिकी साहित्य या एका पुस्तकातून आले असे म्हटले, पण त्याच श्वासात वाचकांना जिम चोरला जातो तिथेच थांबा असाही सल्ला दिला. पुढचे सारे त्यांना फसवणूक वाटत होती. मला ही प्रकरणे लांबलेली आणि जागोजागी सहन न होणारी वाटतात. जिमला त्यांत विदूषकाच्या पातळीवर आणले आहे, हा दोष लेखकाच्या पदरात घातलाच पाहिजे. पण ती गाळावीत असे मला वाटत नाही. टॉमच्या पायात गोळी लागते तेव्हा हाताशी आलेली सुटका सोडून जिम डॉक्टरांच्या मदतीला थांबतो. डॉक्टर सर्वांपुढे त्याची स्तुती करतात की असा काळा माणूस हजार डॉलर मोलाचा आहे. स्तुतीसुद्धा बाजारभावात होते, आणि ती ऐकूनही त्याचे साखळदंड कोणी उतरवत नाही. कायद्याने मुक्त असलेला माणूस दुसऱ्याच्या करमणुकीसाठी कैदेत राहतो, हे चित्र १८८०च्या दशकातल्या दक्षिणेचे आहे, असे अनेक अभ्यासकांनी सुचवले आहे आणि मला ते पटते.

शिकवायचे कसे, याविषयी मी काही गोष्टींवर ठाम आहे. सातवी-आठवीत हे पुस्तक देऊ नये. हकच्या बोलण्यामागे लेखक काय सांगतो आहे हे ओळखायला वाचनाची थोडी पक्वता लागते आणि ती नसेल तर मुले शब्द तेवढा उचलतील. कोणत्याही विद्यार्थ्याला तो शब्द मोठ्याने वाचायला लावू नये. आणि हे पुस्तक एकटे शिकवू नये, कारण कितीही म्हटले तरी जिम आपल्याला हकच्या डोळ्यांनी दिसतो. गुलामीतून स्वतः निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५चे आत्मकथन त्याच्या शेजारी ठेवले की, अक्षर शिकणे हाच गुन्हा असलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज विद्यार्थ्याला ऐकू येतो. पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ ही २०२४ची कादंबरी तर हीच कथा जिमच्या तोंडून सांगते, आणि ती वाचल्यावर मूळ कादंबरीत जिम केव्हा खरे बोलत होता आणि केव्हा गोऱ्यांसमोर सोंग आणत होता, असा नवाच प्रश्न उभा राहतो.

कादंबरीच्या अखेरीस हक म्हणतो की सॅली मावशी आपल्याला दत्तक घेऊन वळण लावण्याआधी आपण इंडियन टेरिटरीकडे निघून जाणार. तो प्रदेश मोकळा नव्हता; १८३०च्या दशकात चेरोकींसारख्या जमातींना त्यांच्या भूमीतून हुसकून तिथे आणून सोडले होते, म्हणजे हकची मोकळीक दुसऱ्या एका अन्यायाच्या जमिनीवर जाऊन थांबते. जिमला टॉमकडून चाळीस डॉलर मिळतात, तो खूश होतो, आणि त्याच्या बायकोविषयी व मुलांविषयी पुस्तक पुढे एक अक्षरही बोलत नाही. ज्यांना सोडवण्याच्या बेताने सोळाव्या प्रकरणात हक हादरला होता, ती माणसे कथा संपताना अजून मिसुरीत कोणाची तरी मालमत्ता आहेत. ही विस्मृती हकची, ट्वेन यांची की वाचकाची, यावर वर्गात वाद झाला पाहिजे, आणि तो व्हायचा तर पुस्तक वर्गात असले पाहिजे.